फाईल हलकी, चित्र रेखीव: मिरवणुकीचा व्हिडिओ एक्सपोर्ट करताना

खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाची मुलाखत कुठल्याही सेटिंगवर एक्सपोर्ट करा, बरी दिसते. त्याच सेटिंगवर ढोल-ताशा पथकाची मिरवणूक टाका, की गुलाल उधळल्याक्षणी चित्राचे चौकोन होतात, ध्वजाची कड विरघळते आणि मागची गर्दी मेणासारखी गुळगुळीत होते. म्हणून या लेखात उदाहरण मिरवणुकीचंच घेतलं आहे: चार मिनिटांचा, १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ. यातून तीन फाइली काढायच्या आहेत. एक जपून ठेवायला, एक यूट्यूबला आणि एक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला.

बिट जातात कुठे

या व्हिडिओत दर सेकंदाला सुमारे ५ कोटी १८ लाख पिक्सेल असतात. न दाबता साध्या ८ बिट स्वरूपात साठवले तर सेकंदाला साधारण ६२२ मेगाबिट लागतील. यूट्यूब याच आकारासाठी ८ मेगाबिट सुचवतं. म्हणजे जवळपास ७८ भागांतला एकच भाग ठेवायचा.

व्हिडिओ दाबून लिहिणारा कोडेक हे साधतो ते पुनरावृत्ती टाळून. एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं, काय कुठे सरकलं एवढंच लिहायचं. मुलाखतीतली भिंत एकदा लिहिली की पुढचे दहा सेकंद फुकट. गुलालात मात्र काहीच जागेवर राहत नाही. प्रत्येक कण नवा, प्रत्येक फ्रेम नवी, त्यात हातातला कॅमेरा हलतो. बिट कमी पडले की कोडेक आधी बारीक पोत सोडतो, मग कडा, आणि शेवटी चौकोन दिसू लागतात.

अंदाज घ्यायला एक साधा हिशेब पुरतो. बिटरेटला, म्हणजे सेकंदाला लागणाऱ्या बिटना, सेकंदाच्या एकूण पिक्सेलने भागायचं. ८ मेगाबिटला १०८०पी-२५ चा, म्हणजे आपल्या १९२० बाय १०८०, २५ फ्रेमच्या व्हिडिओचा, आकडा ०.१५ येतो. एच २६४ या नेहमीच्या कोडेकमध्ये ०.१ ला सर्वसाधारण दृश्य नीट दिसतं, गर्दी-गुलालाला ०.१५ च्या पुढे हवं, आणि ०.०५ च्या खाली गेलात की फ्रेमचा आकारच कमी करणं शहाणपणाचं. हे आकडे ढोबळ आहेत, पण "एवढ्या एमबीत १०८०पी बसेल का" या प्रश्नाला तेवढे पुरे.

टाइमलाइन चुकली की पुढे इलाज नाही

चित्र धूसर झालं की सगळे बिटरेट वाढवत बसतात. पुष्कळदा दोष एक्सपोर्टच्या पानावर नसतोच, तो एडिटिंगमध्ये आधीच शिरलेला असतो.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट फ्रेमरेटची. कॅमेऱ्याचं शूट २५ फ्रेमचं आणि मोबाइलचं ३० चं, दोन्ही एकाच टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर. ३० च्या २५ करताना सॉफ्टवेअरने फ्रेम ब्लेंडिंग लावलं, तर दोन शेजारच्या फ्रेम एकमेकींवर चढवल्या जातात. ढोलावर पडणाऱ्या टिपरूच्या जागी दोन अर्धपारदर्शक टिपरू दिसतात. बघणारा म्हणतो, क्लॅरिटी गेली. ओळखायचं कसं? फाईल व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा, थांबवा आणि 'ई' हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. दुहेरी कडा दिसल्या तर ब्लेंडिंग आहे. त्या क्लिपच्या सेटिंगमध्ये ते बंद करून 'निअरेस्ट' किंवा 'फ्रेम सॅम्पलिंग' निवडा. हालचाल किंचित अडखळेल, पण प्रत्येक फ्रेम स्वच्छ राहील.

मोबाइलची आणखी एक खोड म्हणजे बदलता फ्रेमरेट. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला ३० ऐवजी कमी फ्रेम टिपतो आणि टाइमलाइनवर ताशाचा आवाज हळूहळू पुढेमागे सरकतो. अशी क्लिप एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेक या फाईल पुन्हा दाबणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' लावून आणि आरएफ (त्यातला क्वालिटीचा आकडा, लहान म्हणजे चांगला) १४-१५ ठेवून काढून घ्या. फाईल फुगेल, फुगू द्या. ती कामापुरतीच आहे.

डाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये पहिली क्लिप आत घेतल्यावर प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेमरेट बदलता येत नाही, म्हणून आधी तो २५ करा आणि मगच क्लिप आणा. प्रीमियर या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के, म्हणजे १०८०पी च्या चौपट पिक्सेलच्या, क्लिपला 'स्केल टू फ्रेम साइज' लावलं, तर ती आधी सिक्वेन्सच्या, म्हणजे टाइमलाइनच्या, आकाराला लहान होते. नंतर तुम्ही झूम केलंत तर त्या लहान चित्रालाच ताणलं जातं. ४के मध्ये शूट केल्याचा सगळा फायदा तिथेच संपतो. 'सेट टू फ्रेम साइज' वापरा.

जुन्या कॅमकॉर्डरचं फुटेज असेल तर ते बहुधा इंटरलेस्ड, ५० फील्डचं असतं: पूर्ण फ्रेमऐवजी एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेम, म्हणजे फील्ड, टिपलेल्या असतात. हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. नियम एकच: आधी डीइंटरलेस, म्हणजे फील्डच्या पूर्ण फ्रेम करणं, मग आकार बदलणं. उलट केलं तर दाते चित्रात कायमचे मिसळतात, मग कुठलाही फिल्टर ते काढू शकत नाही. मिनीडीव्ही टेपमध्ये खालचं फील्ड आधी असतं आणि एचडी कॅमेऱ्यात वरचं. हा क्रम चुकला की चित्र मागेपुढे थरथरतं.

नॉइज, शार्पन आणि दिव्यांची लुकलुक

रात्रीच्या मिरवणुकीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढलेला असतो आणि काळ्या आभाळात दाणे वळवळत असतात. आपल्याला ते फारसे दिसत नाहीत, पण कोडेकला प्रत्येक दाणा नवी माहिती वाटतो. अर्धे बिट काळोख रंगवण्यात जातात आणि वादकाच्या चेहऱ्याला उरत नाहीत. म्हणून हलकं डीनॉइज, म्हणजे हे दाणे पुसणं, आधी करा. रिझॉल्वच्या फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन नाही. हँडब्रेकमधलं 'एनएलमीन्स' मात्र फुकट आणि चांगलं आहे. 'अल्ट्रालाइट' किंवा 'लाइट' एवढंच लावा. 'मीडियम'च्या पुढे गेलात की फेट्याचा पोत धुतला जातो. हा फिल्टर फार संथ आहे, मशीन रात्रभर लावून ठेवायची तयारी असू द्या.

शार्पनचा मोह टाळा. शार्पन केल्याने नवी माहिती येत नाही, फक्त कडेला पांढरी-काळी किनार उमटते. ती किनारही कोडेकला लिहावी लागते. मोबाइलने स्वतःच भरपूर शार्पन केलेलं असतं, त्यावर पुन्हा करणं म्हणजे मिठावर मीठ. शार्पन करायचंच तर अगदी शेवटी, फ्रेम लहान केल्यानंतर आणि हलक्या हाताने.

दिव्यांचंही एक सांगण्यासारखं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. शूट करताना शटर १/६० ठेवलं, तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी माळांखाली अख्ख्या फ्रेमचा उजेड कमीजास्त होत राहतो. डोळ्याला थोडं खुपतं, कोडेकला मात्र दर फ्रेमला सगळं चित्र नव्याने लिहावं लागतं. १/५० किंवा १/१०० ठेवलं की हा खर्च मुळातच वाचतो.

लाल अक्षरं का पसरतात

मंडळाचं नाव लाल रंगात, खाली निळी पट्टी. एडिटिंगच्या स्क्रीनवर झकास, एक्सपोर्टनंतर अक्षरांच्या कडेला घाण. बिटरेट दुप्पट केला तरी तसंच. कारण नेहमीच्या व्हिडिओ फाइली ४:२:० पद्धतीच्या असतात: उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची माहिती दोन बाय दोन अशा चार पिक्सेलना मिळून एकच. १०८०पी फाइलमधलं रंगाचं चित्र खरं तर ९६० बाय ५४० एवढंच असतं. लाल आणि निळ्यात उजेडाचा फरक फारसा नाही, जो आहे तो रंगाचा. त्यामुळे अक्षराची कड त्या छोट्या चित्रावर अवलंबून राहते आणि पसरते.

देवनागरीत हे जास्त जाणवतं. शिरोरेषा आडवी, लांब आणि पातळ. ती एक पिक्सेल जाडीची असेल आणि शीर्षक हळूहळू वर सरकत असेल, तर ती कधी एका ओळीवर पडते, कधी दोन ओळींत विभागते. परिणामी लुकलुकते. रफार, अनुस्वार आणि 'त्र'सारख्या जोडाक्षरांतल्या फटी तर आधी बुजतात. उपाय साधे आहेत. १०८०पी मध्ये शिरोरेषा किमान तीन-चार पिक्सेल जाड असेल असा ठळक फाँट घ्या. पांढरी किंवा पिवळी अक्षरं गडद पट्टीवर ठेवा, म्हणजे उजेडातला फरक मोठा राहतो. लाल रंग हवाच असेल तर अक्षरांभोवती पांढरी किनार द्या. आणि शीर्षक सरकवण्याऐवजी स्थिर ठेवा. स्थिर अक्षरं एकदा लिहिली की कोडेकला पुढे काही खर्च नाही.

आधी मास्टर, मग बाकी सगळं

एडिटिंगमधून थेट व्हॉट्सअ‍ॅपची फाईल काढू नका. आधी एक जड मास्टर, म्हणजे जपून ठेवायची मूळ फाईल, काढा. मॅकवर प्रोरेस ४२२ एचक्यू, विंडोजवर डीएनएक्सएचआर एचक्यू, दोन्ही चित्र फार न दाबणारे कोडेक. प्रोरेस ४२२ एचक्यू १०८०पी-२५ ला सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट घेतो, म्हणजे चार मिनिटांना साधारण साडेपाच जीबी. जागा नसेल तर साधा प्रोरेस ४२२ घ्या, तो पावणेचार जीबीच्या आत बसतो. पुढच्या सगळ्या फाइली याच मास्टरमधून. व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आलेली फाईल पुन्हा एडिट करून पुन्हा दाबली की आधीचे चौकोनही 'तपशील' म्हणून जपले जातात, आणि त्यांवर नवे चढतात.

मास्टर काढताना तीन गोष्टी तपासा. प्रीमियरमध्ये 'यूज प्रीव्ह्यूज' बंद आणि क्लिप लहान-मोठ्या केल्या असतील तर 'यूज मॅक्सिमम रेंडर क्वालिटी' चालू. रिझॉल्वच्या डिलिव्हर पानावर प्रॉक्सी किंवा ऑप्टिमाइझ्ड मीडिया (एडिटिंग सोपं जावं म्हणून केलेल्या हलक्या प्रती) वापरण्याची खूण काढलेली. आणि डेटा लेव्हल (काळा ते पांढरा यांना दिलेल्या आकड्यांची मर्यादा) 'ऑटो' वर. कुणाच्या सांगण्यावरून ती 'फुल' केली, तर प्लेअर १६ ते २३५ च्या हिशेबाने वाचतो आणि काळोखातले तपशील बुडतात. उलट चूक झाली तर चित्र राखाडी पडतं. कॉन्ट्रास्ट गेलं की डोळ्याला ते धूसरच वाटतं, प्रत्यक्षात एकही कड हललेली नसते.

हँडब्रेकमध्ये टप्प्याटप्प्याने

हँडब्रेक फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मास्टर फाईल आत ओढा आणि प्रीसेट 'फास्ट १०८०पी३०' निवडा. ही नुसती सुरुवात, आता एकेक टॅब बदलू.

१. 'डायमेन्शन्स'मध्ये क्रॉपिंग 'नन' करा. आपोआप क्रॉपिंग चालू असेल तर रात्रीच्या दृश्यातली काळी कड रिकामी पट्टी समजून कापली जाऊ शकते. मग उरलेलं चित्र विचित्र आकाराचं होतं आणि टीव्हीवर ताणलं जातं.

२. 'फिल्टर्स'मध्ये मास्टर प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचा, इंटरलेस्ड नसलेला) असेल तर डीइंटरलेस बंद. डीनॉइज वर सांगितल्याप्रमाणे, गरज असेल तरच. शार्पन बंद.

३. 'व्हिडिओ'मध्ये एन्कोडर एच २६४, एक्स २६४ वाला. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर अनेक पट वेगवान असतो, पण कमी बिटरेटवर त्याच आकारात बहुधा थोडं कमी देतो. घाई असेल तरच तो घ्या. फ्रेमरेट 'सेम अ‍ॅज सोर्स' आणि 'कॉन्स्टंट'. इथे एक सापळा आहे: या प्रीसेटच्या नावातले ३० म्हणजे कमाल मर्यादा. मूळ ५० फ्रेमचं असेल तर ते न विचारता ३० वर आणलं जातं आणि हालचालीला धक्के बसतात. ५० फ्रेमला एच २६४ ची लेव्हलही (प्लेअरवर पडणाऱ्या भाराची मर्यादा) ४.२ लागते. ती 'ऑटो' ठेवा.

४. क्वालिटीचा सरकता काटा, म्हणजे आरएफ. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. १०८०पी साठी २० ते २४ ही हँडब्रेकचीच शिफारस आहे. मिरवणुकीला २० घ्या, मुलाखतीला २२ पुरे. ढोबळमानाने आरएफ ६ ने उतरवला की फाईल दुप्पट होते. १८ च्या खाली जाऊन डोळ्याला क्वचितच काही मिळतं.

५. एन्कोडर प्रीसेट 'फास्ट'वरून 'स्लो'वर न्या. वेळ जास्त लागतो, पण कोडेक हालचाल नीट शोधतो आणि तेवढ्याच बिटमध्ये जास्त तपशील वाचवतो. 'प्लेसबो'च्या नादी लागू नका, नावातच सगळं आलं. ट्यूनमध्ये 'फिल्म' निवडा. त्याने चौकोनांच्या कडा पुसणारा फिल्टर थोडा सौम्य होतो आणि फेट्याचा, दाढीच्या केसांचा पोत टिकतो. बिटरेट फारच कमी असेल तेव्हा मात्र ट्यून 'नन' ठेवा. तेव्हा त्या पुसण्याची गरज असते.

६. 'ऑडिओ'मध्ये एएसी १६० केबीपीएस. ढोल-ताशासाठी १९२ दिलं तर ताशाचा कडकडाट खरखरत नाही.

७. 'समरी'मध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड'वर खूण. त्याने फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि ऑनलाइन ठेवलेला व्हिडिओ पूर्ण उतरण्याआधीच सुरू होतो.

सगळी चार मिनिटं काढण्याआधी फक्त सर्वांत अवघड २० सेकंद काढून बघा. 'रेंज'मध्ये 'सेकंद्स' निवडून गुलाल उधळण्याचा भाग द्या. तो निभावला तर बाकीचा निभावतोच. सुरुवातीच्या गणपतीच्या स्थिर क्लोजअपवर चाचणी घेऊन समाधान मानू नका.

ठरावीक एमबीत बसवायचं असेल तर

आरएफवर चित्र ठरतं, फाइलचा आकार ठरत नाही. "६० एमबीच्या आत हवा" असं असेल तर हिशेब उलटा करायचा. ६० एमबी गुणिले ८ म्हणजे ४८० मेगाबिट, भागिले २४० सेकंद, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट. त्यातून आवाजाचे १२८ किलोबिट आणि थोडा मोकळेपणा वजा करून चित्राला १८०० किलोबिट. १०८०पी ला हे ०.०३५ पडतं, म्हणजे फुटणारच. १२८० बाय ७२० केलं की ०.०७८ होतं, जे मोबाइलच्या पडद्यावर चालून जातं. दाबलेल्या १०८०पी पेक्षा निरोगी ७२०पी नेहमीच रेखीव दिसतं. हे लोकांना पटत नाही, पण दोन्ही काढून शेजारी ठेवले की वाद संपतो.

हँडब्रेकमध्ये आरएफऐवजी 'अ‍ॅव्हरेज बिटरेट' निवडा, १८०० लिहा आणि 'मल्टीपास' चालू करा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कुठे गर्दी, कुठे शांत हे बघून ठेवतं, दुसऱ्या फेरीत आरतीच्या शांत दृश्यातून वाचवलेले बिट गुलालाकडे वळवतं. 'कॉन्स्टंट बिटरेट' निवडलात तर ही देवाणघेवाणच बंद होते.

एच २६५ या नव्या कोडेकने याच आकारात चित्र सुधारतं, पण दोन अडचणी. जुन्या टीव्हीवर आणि स्वस्त फोनवर फाईल उघडत नाही. आणि कमी बिटरेटला तो चौकोन न दाखवता पोतच गुळगुळीत करतो, त्यामुळे गर्दीचे चेहरे पुसल्यासारखे दिसतात. दहा जणांना पाठवायची फाईल एच २६४ मध्येच ठेवावी.

यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप

तुम्ही काहीही चढवा, यूट्यूब ते पुन्हा दाबतंच. म्हणून त्याला शक्य तितकी जड फाईल द्या: आरएफ १६-१७, आवाज ३८४ केबीपीएस. एक युक्ती खरोखर काम करते. मास्टर १०८०पी असला तरी २५६० बाय १४४० ला मोठा करून चढवा. त्या आकाराला यूट्यूब सहसा व्हीपी९ कोडेक देतं, तर लहान चॅनेलच्या १०८०पी ला पुष्कळदा जुना एच २६४ च मिळतो. चित्रात नवा तपशील येत नाही, पण जो आहे तो कमी मरतो. १४४०पी-२५ ला यूट्यूबची शिफारस १६ मेगाबिटची, म्हणजे चार मिनिटांना सुमारे ४८० एमबी. कोडेक कुठला मिळाला हे व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्ये दिसतं. चढवल्या चढवल्या चित्र खराब दिसलं तर घाबरू नका. आधी लहान आवृत्ती तयार होते, मोठी नंतर येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबला जातो, एचडीचा पर्याय निवडला तरी थोडा दाबला जातोच. जसाच्या तसा पोहोचवायचा तर जोडणीच्या खुणेतून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाईल तशी जाते. गटात मात्र लोक डॉक्युमेंट उतरवून घेण्याचा कंटाळा करतात, त्यामुळे वर काढलेली ७२०पी फाईल व्हिडिओ म्हणून आणि मास्टरवरून काढलेली आरएफ २० ची फाईल डॉक्युमेंट म्हणून, अशा दोन्ही टाका.

तरीही बिनसलंच तर

आभाळात किंवा मंचाच्या पडद्यावर रंगाच्या पायऱ्या दिसत असतील तर बिटरेट वाढवून फारसं होत नाही. ८ बिटमध्ये त्या सावल्यांना पुरेशा छटाच नसतात. तेवढ्या दृश्यावर अगदी बारीक ग्रेन, म्हणजे दाणे, चढवा आणि मास्टर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स म्हणजे १० बिटमध्ये काढा. दर काही सेकंदांनी चित्र श्वास घेतल्यासारखं एकदम स्वच्छ होऊन पुन्हा मळत असेल, तर बिट अपुरे आहेत आणि प्रत्येक कीफ्रेमला, म्हणजे पूर्ण लिहिलेल्या फ्रेमला, ते उघडं पडतंय. तिथे फ्रेमचा आकार उतरवा. मॅकच्या क्विकटाइममध्ये रंग फिके आणि व्हीएलसीमध्ये बरोबर दिसत असतील, तर तो गॅमाच्या, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या त्याच्या, खुणेचा घोळ आहे. रिझॉल्वमध्ये गॅमा टॅग 'रेक ७०९-ए' करून बघा.

तपासणी नेहमी शंभर टक्के झूमवर करा. मास्टर आणि एक्सपोर्ट दोन खिडक्यांत, त्याच फ्रेमवर थांबवून, आधी शिरोरेषा बघा, मग फेट्याची कड, मग गुलालाच्या ढगाचा बाहेरचा काठ. व्हीएलसीत 'कंट्रोल-जे' दाबलं की फाइलचा कोडेक, आकार आणि फ्रेमरेट दिसतो. तिथे २५ च्या जागी २९.९७ दिसलं, तर परत टाइमलाइनवर जा.